गाडीची पाटी आणि तिच्यामागचं राज्य: अमेरिकेतल्या आडवाटेच्या गमती

काळातलाव:

मे महिन्यात आई-बाबा आले. ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या खेपेला न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन झालं. दुसऱ्या खेपेला वेगास, ग्रँड कॅन्यन, सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी आई-बाबांना सक्तीचा असलेला अभ्यासक्रम पुरा झाला. आता दाखवायचं काय?

वाट दाखवली माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने. लांबच्या प्रवासात ती आणि आजी गाड्यांच्या नंबरच्या पाट्यांचा खेळ खेळतात. वहीत पन्नास राज्यांची यादी आहे. ज्या राज्याची गाडी दिसेल त्यावर खूण करायची. फोटो नसेल तर खूण नाही, हा लेकीचा नियम. आईला पळत्या गाडीवरचं इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण चित्रं ती पटकन हेरते. संत्री दिसली की फ्लोरिडा, उधळलेला घोडा दिसला की वायोमिंग. सध्या ४७ झालीत.

इथे प्रत्येक राज्याची पाटी वेगळी आणि बहुतेकींवर राज्याने स्वतःबद्दल मारलेली एखादी फुशारकी. आयडाहोच्या पाटीवर ‘फेमस पोटॅटोज’ वाचून आई म्हणाली, “बटाट्याची कसली मिरवायची?” तिला सांगितलं, तिथे ब्लॅकफूट नावाच्या गावात बटाट्याचं म्युझियमसुद्धा आहे. ती तळेगावची, म्हणजे बटाट्याच्याच गावची. ती गप्प बसली.

आमचं न्यू जर्सी स्वतःला ‘गार्डन स्टेट’ म्हणवतं. टर्नपाइक या महामार्गावरून रिफायनरीचा वास घेत जाताना यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. पण आमचा खरा पराक्रम वेगळा. १९४९ पासून इथे गाडीत स्वतःच्या हाताने गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला कायद्याने बंदी. ऑरेगनमध्येही तशीच बंदी होती, ती २०२३ साली उठली. आता उरलो आम्ही एकटे. लग्न होऊन इथे आले, गाडीही इथेच शिकले, त्यामुळे पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा पंपावर थांबलो तेव्हा आम्ही दोघं पाच मिनिटं खिडकीची काच खाली करून नुसतेच बसून होतो. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा उजेड पडला.

दुसरी लाडकी पाटी न्यू हॅम्पशायरची. ‘लिव्ह फ्री ऑर डाय’. स्वतंत्र जगा, नाहीतर मरा. आणि या पाट्या बनतात कुठे? राज्याच्या तुरुंगात, कैद्यांच्या हातून. एका गृहस्थाला हे वाक्य धर्माच्या दृष्टीने पटेना, म्हणून त्याने आपल्या पाटीवरचं झाकलं. दंड झाला, तो भरला नाही म्हणून तुरुंगही झाला. शेवटी १९७७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचं ब्रीद गाडीवर मिरवायची सक्ती नागरिकावर करता येणार नाही. याच राज्यात डोंगरकड्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा दिसणारा एक खडक होता, ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’. ३ मे २००३ ला तो कोसळला. तरी रस्त्यांच्या फलकांवर अजून त्याचाच चेहरा आहे. गेलेल्या माणसाचा फोटो घरातून काढत नाहीत तसं.

तर मंडळी, तुमच्या राज्याच्या पाटीवर काय आहे आणि ते बघायला गेलात तर काय सापडतं, ते लिहा. कृपया ‘डिस्नेला जा’ असं कोणी सांगू नका.

सदाशिवपेठी:

पाट्यांच्या बाबतीत अमेरिकेने आम्हाला शिकवू नये. बाकी चालू द्या.

बक्कीवहिनी:

काळातलाव, मस्त धागा. मी ओहायोची, त्यामुळे एक जुनं भांडण इथे आणते. नॉर्थ कॅरोलायनाची पाटी म्हणते ‘फर्स्ट इन फ्लाइट’, आमची म्हणते ‘बर्थप्लेस ऑफ एव्हिएशन’. राइट बंधू आमच्या डेटनचे, त्यांचं सायकलचं दुकान इथलं, विमान बांधलं इथे. त्यांनी फक्त वारा आणि वाळू बघून ते तिकडे किल डेव्हिल हिल्सला नेलं. १७ डिसेंबर १९०३, १२ सेकंद, १२० फूट.

पण २०२१ साली आमच्या लोकांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नव्या पाटीवर विमानामागे फडकणारं कापड काढायचं होतं, ते विमानाच्या पुढच्या बाजूला जोडलं! राइटांचं विमान उलटं दिसायचं, त्यात चित्रकार फसला. गाजावाजा करून अनावरण झालं आणि तासाभरात लोकांनी चूक दाखवली. तोवर ३५,००० पाट्या छापून तयार होत्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाहतूक खात्याने अर्थातच हात धुऊन घेतले.

तिकडे जाल तेव्हा एक करा. उड्डाण सुरू झालं तिथे एक दगड आहे आणि प्रत्येक उड्डाण जिथे संपलं तिथे एकेक. पहिल्या दगडापर्यंत चालत जा. आमच्या मुलाने ते अंतर पळून पार केलं, राइटांपेक्षा कमी वेळात. चौथा दगड मात्र ८५२ फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत तो दमला.

पुष्पकविमान:

राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं होतं. त्याची पाटी कोण लावणार?

सदाशिवपेठी:

आलं. आलंच. मी वाटच बघत होतो.

खोडदकर:

पुष्पकविमान, त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवलंय. हवं तर वेगळा धागा काढा, तिथे येतो.

मी लिहायला आलो होतो वेस्ट व्हर्जिनियाबद्दल. पाटीवर ‘वाइल्ड, वंडरफुल’. डोंगररांगांत ग्रीन बँक नावाचं गाव आहे. तिथली रेडिओ दुर्बीण शंभर मीटर रुंद, हवी तिकडे वळवता येणाऱ्यांत जगात सगळ्यात मोठी. तिला आकाशातली कुजबुज ऐकता यावी म्हणून १९५८ पासून आजूबाजूच्या १३,००० चौरस मैलांत रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. गावात मोबाइलला रेंज नाही. दुर्बिणीजवळ पेट्रोलवर चालणारी गाडी नेऊ देत नाहीत, कारण स्पार्क प्लगच्या ठिणगीचाही गोंगाट होतो. फेरी मारून आणणारी बस डिझेलची.

माझं गाव खोडद. आमच्याकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या उसाच्या आणि कांद्याच्या शेतांत पसरल्यात, लहानपण त्यांच्या सावलीत गेलं. त्यामुळे ग्रीन बँकला दुर्बिणीखाली उभा राहिलो तेव्हा इतरांसारखा थक्क वगैरे झालो नाही. घरी आल्यासारखं वाटलं. सोबतच्या पोरांना मात्र फोनशिवाय दोन दिवस काढताना ब्रह्मांड आठवलं.

मिनेसोटाची_थंडी:

आमची पाटी ‘१०,००० लेक्स’. हा विनय आहे. दहा एकरांपेक्षा मोठी तळीच ११,८४२ आहेत.

पण मी सांगेन लेक इटास्काबद्दल. मिसिसिपी इथे उगम पावते. तळ्याच्या तोंडाशी गोटे मांडलेत, त्यांच्यावरून पाय टाकत पलीकडे जायचं. झाली मिसिसिपी पार! पाणी गुडघाभर, दगड शेवाळलेले. दर पाच मिनिटांनी कोणीतरी घसरून बसतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. गोटे मूळचे नव्हेत बरं का, १९३० च्या दशकात उगमाची जागा ‘नीट’ करताना बसवले. इथून निघालेल्या थेंबाला मेक्सिकोच्या आखाताला पोहोचायला साधारण नव्वद दिवस लागतात.

नावाची गंमत ऐका. १८३२ साली ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे वाटाड्याने स्कूलक्राफ्ट या गोऱ्या साहेबाला इथवर आणलं. ओजिब्वे लोकांकडे तळ्याला नाव होतंच. पण साहेबाने लॅटिनमधले ‘व्हेरिटास’ आणि ‘कापुट’, म्हणजे सत्य आणि शिर, हे दोन शब्द घेतले, पहिल्याचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी छाटली आणि उरलं ते ‘इटास्का’. खरा उगम! ऐकणाऱ्याला वाटावं की जुना आदिवासी शब्द आहे.

सासूबाई नाशिकच्या, सिंहस्थ पाहिलेल्या. त्यांनी पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढलीच. म्हटलं, आई, इथे पाण्यात काही सोडायचं नाही. त्यांनी पुडी परत ठेवली, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. मग विचारलं, “हिच्या काठी मोठं क्षेत्र कुठलं?” मी म्हटलं, सेंट लुइस, मेंफिस, न्यू ऑर्लिन्स. त्यांनी तिन्ही नावं वहीत लिहून घेतली.

काळातलाव:

@मिनेसोटाची_थंडी, हे आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, गाडीने किती तास? वीस तासांच्या वर आहे हो.

तिखटजाळ:

न्यू मेक्सिको. आमची एकच पाटी आहे जिच्यावर राज्याच्या नावापुढे ‘यूएसए’ लिहावं लागतं, कारण आम्ही अमेरिकेत आहोत हे खुद्द अमेरिकनांनाच माहीत नसतं. फोनवरून काही मागवलं की पलीकडचा बापडा म्हणतो, “सॉरी, आम्ही परदेशात पाठवत नाही.”

इथे राज्याचा अधिकृत प्रश्न आहे: ‘लाल की हिरवी?’ मिरचीबद्दल. हॉटेलात वेटर हेच विचारतो. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात हॅचच्या हिरव्या मिरच्यांचा हंगाम. दुकानाबाहेर जाळीचे गोल पिंप गॅसच्या भडक्यावर फिरत असतात, मिरच्यांची सालं तडतडून काळी पडतात आणि अख्ख्या पार्किंगमध्ये तो वास भरतो. २०२३ साली या वासाला राज्याचा अधिकृत सुगंध म्हणून मान्यता मिळाली. कायदा करून! मी पिशवीभर घेऊन येतो, सालं काढतो, लसूण, मीठ, शेंगदाणे घालून खलबत्त्यात चेचतो. कोल्हापूरच्या ठेच्याइतका जाळ नाही, पण धुरकट चव आहे. ज्वारीची भाकरी मात्र स्वतः थापावी लागते.

बघायला व्हाइट सँड्स आहेच. जिप्समची पांढरीशुभ्र वाळू, उन्हातही पायाला चटका बसत नाही, प्लास्टिकच्या तबकडीवर बसून टेकडीवरून घसरायचं. सत्तरीतल्या काकांना घसरताना पाहिलंय.

विक्षिप्त_वऱ्हाडी:

ठेच्यात शेंगदाणे? असो. हा धागा त्यासाठी नाही.

ॲरिझोनाला जाणाऱ्यांनी घड्याळ सांभाळा. हे राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं नावाहो राष्ट्र मात्र करतं. त्याच्या पोटात असलेलं होपी राष्ट्र परत करत नाही. ट्यूबा सिटी नावाहोंची, तिला चिकटलेलं मोएनकोपी होपींचं, म्हणजे रस्ता ओलांडला की तास बदलतो.

आम्ही ॲरिझोनाच्या वेळेवर चालणाऱ्या पेज गावात उतरलो होतो, नावाहोंच्या हद्दीतल्या मॉन्युमेंट व्हॅलीतली जीप सकाळी नऊची. पावणेनऊला पोहोचून मी विजयी मुद्रेने खिडकीशी गेलो. बाई म्हणाली, दहाला पाच कमी आहेत, तुमची जीप तासाभरापूर्वी गेली. मी फोन दाखवला. त्या फोनने तेवढ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, पावणेनऊचे पावणेदहा केले. दहा मिनिटांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बायको पुढचे दोन दिवस कोणी वेळ विचारली की “कुठली?” असं म्हणत होती.

चंद्रभागा:

ॲरिझोनाची पाटी ‘ग्रँड कॅन्यन स्टेट’. तुम्ही सगळे जाऊन आलात, पण तिथले आपले देव पाहिलेत का? दरीतल्या सुळक्यांची नावं ब्रह्मा टेम्पल, विष्णू टेम्पल, शिव टेम्पल अशी आहेत. शेजारी झोरोॲस्टर टेम्पलही आहे. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला ते कडे पौर्वात्य देवळांसारखे वाटले आणि त्याने ही नावं रूढ केली. आणि तळाशी नदीकाठी जो काळपट खडक दिसतो त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय पावणेदोन अब्ज वर्षांच्या आसपास.

माझे वडील दुर्बिणीतून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “देऊळ कुठंय?” म्हटलं, तो डोंगरच देऊळ. “मग पायऱ्या कोणी बांधल्या नाहीत?” पंढरपूरच्या माणसाला दर्शनाची रांग नसलेला देव पटत नाही.

बॉम्बेडक:

नावांवरून आठवलं. डेलावेअरमध्ये ‘बॉम्बे हुक’ नावाचं पक्षी अभयारण्य आहे. मी मुंबईशी संबंध शोधत गेलो. संबंध शून्य. मूळ डच नाव ‘बोम्प्येस हूक’, म्हणजे झुडपांचा कोपरा. इंग्रजी तोंडात बसून त्याचं बॉम्बे झालं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. पांढऱ्या हंसबदकांचे थवे एकदम उठतात तेव्हा लोकलमधून दादरला माणसं उतरल्यासारखा आवाज होतो.

डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही आणि कमी आकड्याच्या पाटीचं भयंकर वेड आहे. २००८ साली ‘६’ या नुसत्या आकड्याची पाटी लिलावात ६,७५,००० डॉलरला गेली. गावाकडे ‘२१४’ घेऊन त्याचं ‘राम’ करणाऱ्यांनी आता मान खाली घालायला हरकत नाही.

काळातलाव:

बॉम्बेडक, इथून दोन-अडीच तासांवर! यादीत टाकलं.

अवांतर: काल बाबांना कोडं घातलं. इंग्रजीतलं कोणतं अक्षर एकाही राज्याच्या नावात नाही? त्यांनी पन्नास नावं लिहून काढली आणि रात्री अकराला खोलीचं दार वाजवून सांगितलं, “क्यू.” जे फक्त आमच्या जर्सीत आणि झेड फक्त ॲरिझोनात, हेही वर सांगितलं. आज ते मलाच कोडं घालतायत: सगळ्यात पूर्वेचं राज्य कोणतं? मी मेन म्हटलं.

अलास्कात_एकटा:

बाबांना विचारा, ते हसले का? कारण काटेकोर उत्तर अलास्का. आमच्या अल्युशियन बेटांची शेपटी १८० रेखांश ओलांडून पलीकडे, पूर्व गोलार्धात जाते. त्यामुळे सगळ्यात उत्तरेचं, पश्चिमेचं आणि पूर्वेचं, तिन्ही आम्हीच.

वेळ काढून व्हिटियरला या. गावातले जवळपास सगळे लोक एकाच चौदामजली इमारतीत राहतात. पोस्ट, दुकान त्याच इमारतीत, शाळेत जायला भुयार. गावात शिरायला अडीच मैलांचा एकपदरी बोगदा, त्यातून गाड्या आणि रेल्वे आळीपाळीने जातात आणि रात्री तो बंद होतो. मी गिरणगावातल्या चाळीत वाढलो. जिन्यात कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळणं, हे सुख इथे पुन्हा मिळालं.

शेंगोळे:

मिशिगन. इथला माणूस गाव कुठे आहे ते सांगताना उजवा पंजा पुढे करतो आणि त्यावर बोट ठेवतो, कारण राज्याचा आकारच हातमोज्यासारखा. वरचा वेगळा तुकडा, अप्पर पेनिन्सुला, आम्हाला १८३० च्या दशकात टोलेडो शहर ओहायोला सोडून दिल्याबद्दल मिळाला. तेव्हा लोक चिडले होते. मग तिथे तांबं आणि लोखंड सापडलं. (बक्कीवहिनी, टोलेडो तुम्हालाच लखलाभ.) खाणीत काम करायला कॉर्नवॉलहून आलेल्यांनी आणलेली ‘पास्टी’ तिथे अजून मिळते. आपल्या करंजीची थोरली बहीण, आत बटाटा आणि मांस. शाकाहारी मागितली तर मिळते, पण शेजारचा टेबलवाला वळून बघतो.

मधल्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी. घोडागाड्या, सायकली, लिदीचा वास आणि दर चार दुकानांमागे एक फजवाला. थोडक्यात माथेरान, चिक्कीऐवजी फज. पाच मैलांच्या मॅकिनॉ पुलावरून गाडी न्यायची भीती वाटली तर पुलाचा माणूस तुमची गाडी चालवून पलीकडे नेऊन देतो. मी एकदा ही सोय वापरली. घरी कोणाला माहीत नाही.

प्रेअरीतला_पाहुणा:

साउथ डकोटात ‘वॉल ड्रग’ चुकवू नका. औषधाचं छोटं दुकान, मंदीतलं, गिऱ्हाईक नाही. १९३६ साली मालकाच्या बायकोला सुचलं की बाहेर हमरस्त्यावर फळी लावायची: ‘बर्फाचं पाणी फुकट’. लोटच्या लोट आले. थोडक्यात पाणपोईवर उभा राहिलेला बाजार. पाणी आजही फुकट, कॉफी पाच सेंट.

पाटीवर माउंट रशमोरचे चार राष्ट्राध्यक्ष असतात. बघा जरूर, पण तो डोंगर ज्या ब्लॅक हिल्समध्ये आहे त्या १८६८ च्या कराराने लकोटा लोकांना कायमच्या दिल्या होत्या. सोनं सापडलं आणि करार मोडला. १९८० साली सुप्रीम कोर्टाने दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. लकोटांनी ती घेतली नाही. त्यांचं म्हणणं, डोंगर विकायला काढलेलेच नाहीत. आमच्या गाडीत यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

चंद्रभागा:

काळातलाव, तुझ्या नावावरून विचारते, तू कल्याणची ना? मग पुकिप्सीला गेलीस का? न्यूयॉर्क राज्य, हडसनकाठी. तुझ्याकडून दोनेक तास.

तिथल्या रूरल सिमेटरीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. कल्याणला जन्म, १८८३ साली अठराव्या वर्षी इकडे आल्या, तुमच्याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे उतरल्या. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, बाविसावं पुरं व्हायच्या आत. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली. दगडावर इंग्रजीत नाव, एम. डी. आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं कोरलंय.

मी गेले तेव्हा दगडापाशी कोणीतरी ठेवलेला गजरा होता, सुकलेला. अबोलीचा. या देशात अबोली कुठून आणली असेल?

काळातलाव:

चंद्रभागा, सतरा वर्षं रोझेलवरून ऑफिसला जाते. माहीत नव्हतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, शनिवारी जाऊ. डब्याला दशम्या आणि तिळाची चटणी. बाबांनी नकाशा बघून जोडीला हडसनवरचा जुना रेल्वेपूल शोधलाय, १८८९ चा, आता पायी चालायला खुला आहे, सव्वा मैल.

हवाई, नॉर्थ डकोटा आणि अलास्का अजून बाकी आहेत. परवा मॉलच्या पार्किंगमध्ये हवाईच्या पाटीवरचं इंद्रधनुष्य दिसलं म्हणून आई ओरडली, पण ते लहान मुलांच्या शाळेचं स्टिकर निघालं.